घंटा, घाट आणि नातलग : वसई ते मेणवली सहा दिवसांत

माझ्या चुलतवहिनीचं माहेर नंदाखालला, विरारहून आगाशीच्या वाटेवर. तिच्या वडिलांना आम्ही सगळेच काका म्हणतो. एका दिवाळीत त्यांच्या ओटीवर बसून मी मोबाइलमधला वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरचा फोटो दाखवला : दगडी चौकटीत टांगलेली घंटा आणि तिच्या अंगावर मेरीमाता नि बाळ येशू. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "लोलक आहे का गं अजून तिला? आवाज कसा आहे?"

मला सांगता येईना. फोटो काढला होता, टोल दिलाच नव्हता, म्हणजे घंटा वाजवलीच नव्हती.

त्या प्रश्नापायी पुढच्या हिवाळ्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीची आई, ठाण्याहून गाडी काढून सहा दिवस फिरलो. साधारण नऊशे किलोमीटर झाले आणि एकही रात्र हॉटेलात काढावी लागली नाही. नंतर ओळखीतल्या दोन कुटुंबांना हीच सहल आखून दिली. त्यांनी केलेल्या चुका आणि आम्ही केलेल्या चुका, दोन्ही जमेस धरून हा लेख लिहितेय.

निघण्याआधी एवढं माहीत असू द्या

वसई १५३४ पासून पोर्तुगिजांकडे होती. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ती घेतली. किल्ल्यातल्या आणि आसपासच्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून उतरवून आणल्या गेल्या आणि पुढे देवळांना दिल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली, भीमाशंकरची आणि मेणवलीची या तीन सगळ्यांत प्रसिद्ध. पालीच्या बल्लाळेश्वराकडची आणि पुण्याच्या ओंकारेश्वराकडची घंटाही वसईचीच असं सांगतात.

सांगतात, यावर जरा थांबा. नाशिकच्या घंटेवर १७२१ हे साल आहे, मेणवलीच्या घंटेचं साल १७०७. दोन्ही सालं १७३९ च्या आधीची, म्हणजे हिशेब जुळतो. पण नारोशंकराचं देऊळ १७४७ चं आणि मेणवलीचा वाडा बांधणारे नाना फडणवीस जन्मलेच १७४२ मध्ये. म्हणजे या घंटा मधली वर्षं दुसरीकडे कुठेतरी होत्या. कुठल्या चर्चची कुठली, हे कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर ऐकून घ्या, पण वहीत "असं म्हणतात" लावूनच लिहा.

पहिलं काम : घंटा आणि घरं एका कागदावर

नकाशा उघडण्याआधी एक साधा कागद घ्या. डाव्या बाजूला घंटांची गावं लिहा. उजव्या बाजूला नातलगांची. ज्या घंटेपासून दोन तासांच्या आत आपलं माणूस राहतं ती घंटा यादीत ठेवायची, बाकीच्या पुढच्या खेपेला. आमच्याकडे जोड्या अशा लागल्या : वसईला वहिनीचं माहेर, नाशिकला मावशी, भीमाशंकरसाठी मंचरला नवऱ्याची आत्या, पुण्यात धाकटी बहीण, मेणवलीसाठी वाईला मामा. तुमच्या जोड्या वेगळ्या असतील. मंचरला कुणी नसेल तर नारायणगाव, राजगुरुनगर, चाकण, कुठेही चालेल. वाईऐवजी सातारा किंवा भोरही जमतं.

असं जोडीने जाण्यात सोय मोठी आहे. आपल्याकडे नातलगांकडे पोचणं अवघड नसतं, निघणं अवघड असतं. "आत्ताच तर आलात", "जेवल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही", "उद्या जा की". आम्ही नाशिकला एरवी जातो तेव्हा सकाळी दहाला निघायचं म्हणून संध्याकाळी चारला निघतो. या वेळी मात्र पुढच्या गावात अमक्या वेळी पोचायला हवं हे सांगायला घंटा होती, आणि घंटेचं कारण कुणाच्या मनाला लागत नाही. शिवाय इतकी वर्षं नाशकात राहून मावशीने ती घंटा कधी नीट पाहिली नव्हती. ती स्वतःच आमच्या आधी चप्पल घालून तयार.

फोन कसा करायचा

हा भाग फालतू वाटेल, पण सहल इथेच बिघडते. "येतोय एखाद दिवशी" असा फोन करू नका. दिवस, पोचायची वेळ, निघायची वेळ, जेवण की चहा, आणि कोण काय खात नाही, एवढं एका फोनवर सांगून टाका. मी आत्यांना म्हटलं, "आत्या, सोमवारी संध्याकाळी सातला पोचतो. मंगळवारी पहाटे साडेचारला भीमाशंकरला निघायचंय. तुमचा सोमवार असतो ना? मग आमच्यासाठी वेगळं काही करू नका, उपास सोडायला जे कराल तेच आम्हाला." त्यावर त्या म्हणाल्या, "अगं, पण पहाटे डबा तरी नेशील की नाही?" डब्याला हो म्हणायचं. सगळ्यालाच नाही म्हटलं तर माणसं दुखावतात, आणि भीमाशंकरच्या वाटेवर पहाटे डबा लागतोच.

नंदाखालला आमच्या आईचं शाकाहारी असणं आधी कळवलं होतं. वहिनीच्या आईने तिच्यासाठी नवं पातेलं काढून ठेवलं होतं. न कळवता गेलो असतो तर दोघींचीही पंचाईत झाली असती.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात भीमाशंकरला धुकं आणि पाऊस इतका की घंटा हातभर अंतरावरून दिसेल. श्रावणात आणि महाशिवरात्रीला तिकडे फिरकू नका. सिंहस्थाच्या पर्वात नाशिकची पंचवटी टाळा.

आणखी एक गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसते : ईस्टरआधीच्या गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत (चर्चमधल्या सामूहिक उपासनेत) वाजल्यानंतर ते ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत चर्चच्या घंटा वाजवत नाहीत. ख्रिस्ताच्या मरणाचा शोक म्हणून त्या मुक्या असतात. गुड फ्रायडेची सुट्टी जोडून वसईला घंटा ऐकायला निघालेलं एक कुटुंब मी परत फिरवलंय.

वारही विचार करून ठरवा. शनिवारी निघालात तर रविवारची सकाळ वसईला मिळते. सोमवारी भीमाशंकरला गर्दी, म्हणून तिथे मंगळवार. नाशकात बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो, गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून तिथे बुधवार नको. सगळं जुळवलं की शनिवार ते गुरुवार असा आराखडा आपोआपच तयार होतो.

शनिवार : रिकामा मनोरा आणि भरलेला मनोरा

ठाण्याहून साडेसहाला निघालो तर घोडबंदर रस्त्याने साडेआठपर्यंत वसईच्या किल्ल्यात. पहिलं पाहायचं ते सेंट जोसेफच्या भग्न चर्चचा मनोरा. छप्पर गेलंय, भिंतींवर पिंपळ उगवलाय, मनोरा उभा आहे आणि आत घंटा नाही. पुढे पाच दिवस ज्या घंटा पाहायच्या त्यांची मूळ उंची केवढी असेल, हे इथे मान वर केल्यावर कळतं. आत जिने आहेत, पण दगड निसटलेले आहेत. मुलांना एकटं सोडू नका. गवत वाढलेलं असेल तर बूट घालून चाला. आवारातच नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं देऊळ आहे, आईला तिथे सावलीत बसवून आम्ही फिरलो.

अकराला किल्ला सोडा, कारण बाराच्या आत नंदाखालला पोचायचंय. तिथलं पवित्र आत्म्याचं चर्च १५७३ चं. कॅथलिक चर्चमध्ये दिवसातून तीनदा, सकाळी, दुपारी बाराला आणि संध्याकाळी, प्रार्थनेची घंटा होते. पद्धत ठरलेली : तीन टोल, थांबा, तीन टोल, थांबा, पुन्हा तीन, मग सलग. प्रत्येक गावच्या वेळा थोड्या मागेपुढे असतात, त्या घरच्यांनाच विचाराव्यात. काही ठिकाणी आता विजेवर वाजते, काही ठिकाणी अजून माणूस दोर ओढतो.

दोराला हात लावायचा असेल तर आधी फादरची परवानगी, आणि तीही घरच्या माणसामार्फत मागा. भलत्या वेळी घंटा वाजली तर लोक घराबाहेर येतात, कारण गावाला ती भाषा कळते. सावकाश, एकेक सुटा टोल पडत असेल तर कुणीतरी गेलंय. अशा वेळी मोबाइल खिशात ठेवा आणि उभे राहा.

वहिनीच्या माहेरच्या ओळखीने आमच्या मुलाला जवळच्याच एका छोट्या चॅपेलात दोर धरायला मिळाला. त्याने जोर लावून ओढला आणि काहीच झालं नाही. शेजारी उभे असलेले आजोबा हसले. घंटा आधी नुसती झुलते. झोका पुरेसा मोठा झाल्यावरच लोलक कडेला लागतो. दुसऱ्या ओढीला दोर हातातून वर निघाला, तिसऱ्याला डोक्यावर एकदम 'ढँऽऽण' झालं आणि मुलगा दचकून मागे सरला. आजोबांनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हालाही उपयोगी पडतील. दोर हाताला कधी गुंडाळायचा नाही, वर जाताना तो माणसालाही उचलतो. आणि ओढून झाल्यावर दोराशी झटापट करायची नाही; त्याला वर जाऊ द्यायचं, खाली यायला लागला की पुन्हा धरायचं.

देवळातल्या आणि चर्चमधल्या घंटेतला मुख्य फरक हाच. चर्चच्या मनोऱ्यात घंटाच हलते. देवळात घंटा स्थिर, आपण लोलक हलवतो. वसईहून गेलेल्या घंटाही मनोऱ्यात झोके घेत असतील. आता त्या जागच्या जागी टांगलेल्या आहेत.

रविवारी सकाळी मिस्सेला जा. मागच्या बाकावर बसा, लोक उठले की उठा. कम्युनियनची, म्हणजे पवित्र भाकरी घेण्याची, रांग लागली की जागेवरच बसून राहा. आमची आई प्रसाद समजून रांगेत निघाली होती. वहिनीने पदर धरून हळूच बसवलं. मिस्सा मराठीतून असते हे पाहून आई नंतर दिवसभर त्याचंच बोलत होती. घरी न्याहरीला फुगे (पिठाचे तळलेले गोळे) होते आणि निघताना काकूंनी सुकेळ्यांच्या, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांच्या, चार पुड्या हातात दिल्या. काकांनी फक्त एवढंच सांगितलं : "तिन्ही घंटांचा आवाज घेऊन ये. फोटो नको."

वाटेत वज्रेश्वरी

शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरीला वळा. वसई मिळाली तर देवीचं देऊळ बांधीन, असा चिमाजी अप्पांचा नवस होता आणि तो फेडला गेला. पायऱ्या चढायच्या, दर्शन घ्यायचं, गरम पाण्याच्या कुंडांचा मोह टाळून अंबाडीमार्गे नाशिक महामार्गाला लागायचं. कसारा घाट उजेडात चढा. जेवण घाटाआधी उरकलंत तर मुलं गाडीत त्रास देत नाहीत.

नाशिक : मान वर करून पाहायची घंटा

मावशीकडे पोचायला पाच वाजले. त्या दिवशी काही पाहायचं नाही, गप्पा मारायच्या. सोमवारी सकाळी सातला पंचवटीत. नारोशंकराचं देऊळ गोदावरीच्या काठालाच, रामकुंडापासून चालत पाच मिनिटं. घंटा आत गाभाऱ्यापाशी शोधू नका, आम्ही तिथेच दहा मिनिटं घालवली. ती तटाच्या दर्शनी भिंतीवर, मधोमध, छत्रीसारख्या बांधकामात टांगलेली आहे. बाहेर नदीच्या बाजूला येऊन वर पाहायचं.

पुराचं पाणी किती चढलं हे नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात : गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. त्याच्याही पुढची खूण म्हणजे नारोशंकराची घंटा. मावशी म्हणाली, "आम्ही नुसतं म्हणायचो गं. ती इतकी वर आहे हे कुठे माहीत होतं!"

तिथवर हात पोचत नाही, आणि वाजवायचा आग्रहही कुणाला करू नका. या घंटेचा आवाज आम्हाला मिळाला नाही. काकांच्या यादीत पहिलीच जागा रिकामी राहिली. दुर्बीण असेल तर मात्र न्या. साल वाचता येतं.

घंटा वाचायची कशी, हे इथेच सांगून टाकते. वरच्या खांद्याजवळ आणि खालच्या ओठाजवळ पट्टे असतात, मजकूर बहुधा तिथे. जुन्या लॅटिन अक्षरांत यू-च्या जागी व्ही कोरलेला असतो, त्यामुळे शब्द ओळखीचे वाटत नाहीत. क्रूस आणि मूर्ती पोटावर. मोबाइलचा टॉर्च समोरून मारलात तर सगळं सपाट दिसतं. बाजूने, अंगाला जवळजवळ चिकटवून, तिरपा मारला की उठावाची सावली पडते आणि आकडे उमटतात. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, कुंकू, तेल काहीही फासू नका.

दुपारी जेवून अडीचला निघालो. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत मंचरला सात. मावशीने द्राक्षं आणि चिवडा दिला. सुकेळ्यांची एक पुडी तिला दिली, चिवड्याचं एक पाकीट आत्यांना गेलं. या सहलीत प्रत्येक घरचा खाऊ पुढच्या घरी पोचवता येतो आणि तो सगळ्यांना आवडतो. फक्त पिशव्यांवर नावं लिहा. आमच्या घरात एक जांभळा ब्लाऊजपीस आहे. मावशीने तो आईच्या ओटीत घातला, आईने मामीच्या, आणि या वेळी वाईहून निघताना मामीने तो माझ्या ओटीत घातला. कोपऱ्यावरचा हळदीचा डाग तसाच.

भीमाशंकर : पहाटेचं काम

मंचर ते भीमाशंकर पासष्ट किलोमीटरच्या आसपास, पण घोडेगाव सोडल्यावर रस्ता वळणावळणाचा. दोन तास धरा. साडेचारला निघालो ते उजाडता उजाडता वर. तिथली कामं आणि दर्शनाची व्यवस्था सारखी बदलत असते, त्यामुळे देऊळ उघडं आहे का, गाडी कुठवर जाते, हे दोन दिवस आधी विचारून घ्या. देऊळ खोलगट जागेत आहे, म्हणजे जाताना पायऱ्या उतरायच्या आणि येताना चढायच्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे आधी सांगा. आईला आम्ही सांगितलं नव्हतं.

घंटा शनीच्या देवळासमोर, दोन खांबांच्या मधे. अंगावर मेरीमाता, येशू. येणारे जाणारे टोल देतात, म्हणून आवाज मिळेल असं वाटलं होतं. मिळाला, पण त्यात "बोला भीमाशंकर महाराज की", एक रडणारं बाळ आणि चहावाला असे सगळे आहेत. पहाटे सहाच्याही आधी पोचायला हवं होतं.

टोल देताना एक पाळा. घंटेचं कासं म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. कथलामुळे आवाज येतो आणि कथलामुळेच धातू ठिसूळ होतो. लोलक मोकळा सोडा, कडेला लागला की त्याला परत येऊ द्या. बरेच जण लोलक हातात घट्ट धरून तो घंटेवर दाबून आपटतात. त्याने आवाज गुदमरतो आणि तीनशे वर्षांच्या धातूला तडा जाऊ शकतो. मुलाला हे सांगितलं तर त्याने पुढच्या रांगेतल्या दोन काकांना ते शिकवलं. ते ऐकणार नव्हतेच.

उतरताना आत्यांचा डबा सोडला : भाकरी, ठेचा आणि केळ्याच्या पानात गुंडाळलेली वडी. झाडीत शेकरू दिसतो का ते पाहत जेवा, आमच्या नशिबात एकच होता आणि तोही शेपटीपुरता. पुण्यात पोचायला दुपार.

पुण्यातला दीड दिवस

बहिणीकडे कपडे धुतले. सहा दिवसांच्या सहलीत मधे एक घर असं हवं, जिथे मशीन लावून झोपता येतं.

बुधवारी सकाळी ओंकारेश्वर. तिथली घंटा पाहा, पण त्याहून महत्त्वाची आहे ती चिमाजी अप्पांची समाधी. वसई घेतल्यानंतर दीड-पावणेदोन वर्षांतच, डिसेंबर १७४० मध्ये, ते गेले. मग वेळ असेल तर गुरुवार पेठेतल्या पंचहौदाच्या चर्चचा मनोरा. हे तेच पंचहौद मिशन, जिथे १८९० मध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावं लागलं. मनोऱ्यात आठ घंटांचा संच आहे, इंग्रजी पद्धतीचा. त्या पद्धतीत एका घंटेला एक माणूस आणि एक दोर. सूर वाजवायचा नसतो, घंटांचा क्रम बदलत न्यायचा असतो. आठ घंटांचे वेगवेगळे क्रम भरतात ४०,३२०. मुलाने गाडीत बसल्या बसल्या चार घंटांचे चोवीस क्रम वहीत लिहून काढले आणि खंबाटकी घाट संपेपर्यंत आम्हाला चमचे, कंगवा, डबा नि बाटलीवर वाजवून दाखवले. चोवीस पुरे.

मेणवली : घाई करू नका

सुरूर फाट्यावरून वाई, मामाच्या घरी रात्र. मेणवली वाईपासून तीन किलोमीटर. मामा म्हणाला, "नऊला जाऊ, आरामात." मी म्हटलं, "मामा, तू झोप, किल्ली कुठे ते सांग फक्त." तो सहाला आमच्या आधी अंघोळ करून दारात.

गुरुवारी सकाळी साडेसहाला घाटावर कुणी नव्हतं. कृष्णेवर वाफ होती. एक बाई कपडे आपटत होत्या, तो आवाज समोरच्या काठावरून परत येत होता. नानांच्या वाड्यामागे मेणेश्वर, आणि त्याच्या शेजारी दगडी चौकटीत ती घंटा. साडेसहाशे किलोची म्हणतात. छातीच्या उंचीवर असल्याने इथे पहिल्यांदाच तिच्याजवळ उभं राहता येतं. मेरीमातेचा चेहरा झिजून गुळगुळीत झालाय, बाळाचं डोकं मात्र स्पष्ट. हाताने पाहिलं तर धातू बर्फासारखा गार, ओठाची जाडी माझ्या मुठीएवढी. लोलक शाबूत होता.

आवाज कसा घ्यायचा ते नाशिकपासून शिकत शिकत इथे कळलं. फोन घंटेखाली धरू नका, आवाज फाटतो. दहा-बारा पावलांवर दगडावर रुमाल घालून ठेवा. विमान मोड लावा. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर मनात दहा मोजा. पुजाऱ्यांना किंवा तिथल्या माणसाला विचारून एकच टोल द्या. आधी धारदार 'ठण' येतो, तो लगेच विरतो. मग घंटेचा खरा सूर. आणि तोही मावळला की त्याच्याखालून एक खोल घूं उरतो, जो कानापेक्षा छातीत जास्त कळतो. तो संपेपर्यंत कुणी हलायचं नाही. आईने डोळे मिटले होते. मुलगा ओठ हलवत सेकंद मोजत होता. कपडे धुणाऱ्या बाईसुद्धा थांबल्या. आणि मागून नवरा म्हणाला, "झालं का?"

दुसरा टोल द्यायला मला संकोच वाटला.

परत येताना

वाईहून ठाणे साधारण पाच-सहा तास, रस्त्यावरच्या गर्दीवर अवलंबून. द्रुतगती मार्गावरून खोपोलीला उतरून पाली करता येते, पण आम्ही केली नाही. सहाव्या दिवशी माणसं घराकडे तोंड करून बसलेली असतात. पाली ठाण्याहून वेगळी एका दिवसात होते, त्यातही रोह्याला कुणी असेल तर दुपारचं जेवण पक्कं.

रेकॉर्डिंग पाठवताना ते ऑडिओ म्हणून पाठवू नका, दाबून छोटं होऊ शकतं आणि शेवटचं गुंजन नाहीसं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' निवडून मूळ फाईल पाठवा. मी रात्री घरी पोचल्यावर दोन्ही पाठवल्या. काकांचा फोन सकाळी सहाला आला.

"भीमाशंकरची ठीक आहे. मेणवलीची परत काढून आण. मधे जावई बोललेत."